आत्म्याकडे लागलेले मन

बंधुभगिनींनो, पवित्र शास्त्रातल्या रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात, सहाव्या वचनात, प्रेषित पौल दोन मनांविषयी बोलतो. देहस्वभावाकडे लागलेले मन मरणाच्या वाटेने जाते आणि आत्म्याकडे लागलेल्या मनाला जीवन व शांती मिळते. हे ऐकले की आपल्यातला प्रामाणिक माणूसच आधी धास्तावतो. मंडळीत गीत चालू असताना त्याच्या डोक्यात मुलीची फी असते, भावाशी चाललेला जमिनीचा तंटा असतो. आत्मिक मन ही पाळकांची, फार तर म्हाताऱ्या आज्जींची गोष्ट, असे समजून तो गप्प बसतो.

त्या माणसासाठी मी आज बोलतो आहे. सहाव्या वचनाकडे जाण्याआधी त्याने पहिले वचन वाचावे. जे ख्रिस्त येशूमध्ये आहेत त्यांना आता दंडाज्ञा नाही, इथून हा अध्याय सुरू होतो. त्याच्या जरा अलीकडे, सातव्या अध्यायात, जे चांगले करावेसे वाटते ते हातून होत नाही म्हणून पौल स्वतः कळवळतो आहे. त्याचे मन सुधारल्यावर मग देवाने त्याला जवळ केले, असे झालेले नाही. क्षमा आधी मिळाली. मन वळू लागले ते त्यानंतर.

पंडिता रमाबाईंना हे उशिरा उमगले. 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘सरस्वती’ म्हणून गौरवलेली ही बाई. वाचन, चिंतन, सेवा यांत कुठे उणे नव्हते. तरी पुढे आपल्या साक्षीत त्यांनी लिहिले की बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. पापी म्हणून, जशा होत्या तशा, त्या प्रभूपाशी गेल्या तेव्हा त्यांना शांती मिळाली.

आणि त्या शांतीने त्यांना कामातून बाजूला काढले नाही. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली आणून त्यांनी केडगावला आसरा दिला. ‘मुक्ती’ या त्यांच्या तिथल्या आश्रमात शेती आली, विणकाम आले, छापखाना आला. 1905 च्या संजीवनाची, म्हणजे तिथे झालेल्या आत्मिक जागृतीची, आठवण आपल्या मंडळ्यांत वारंवार निघते, रात्र रात्र चाललेल्या त्या प्रार्थनांची. निघावीच. पण मला त्याहून अधिक शिकवते ते त्यांचे शेवटच्या वर्षांतले काम. हिब्रू आणि ग्रीक शिकून, बेताचे शिकलेल्या बाईलाही कळेल अशा मराठीत त्या पवित्र शास्त्र उतरवत होत्या, आणि मुक्तीतल्याच मुली छपाईचे खिळे जुळवत होत्या. 1921 साली मुलगी मनोरमा गेली. आईच्या काळजाचे काय झाले असेल! तरी ते काम सुटले नाही. 1922 च्या एप्रिलमध्ये त्या स्वतः प्रभूकडे गेल्या. शब्द तपासत बसलेल्या त्या बाईचे मन त्या घडीला आत्म्याकडे लागलेले नव्हते असे कोण म्हणेल?

सतराव्या शतकात पॅरिसच्या एका कार्मेली मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे बंधू स्वयंपाकघरात राबत. आधी सैनिक होते, लढाईत जायबंदी झालेले. स्वयंपाकाची त्यांना मुळात आवड नव्हती. पण भांड्यांच्या खडखडाटातही ते देवाशी बोलत. मन भरकटले की तसे देवापाशी कबूल करायचे आणि पुन्हा त्याच्याकडे वळायचे. झालेल्या चुकीवर कुढत बसायचे नाही. पहिले वचन रोजच्या जगण्यात उतरते ते असे.

तेव्हा सकाळी मोबाइल हातात घेण्याआधी एखादे स्तोत्र वाचा. तंट्याचा विचार प्रार्थनेत आला तर त्याला हाकलू नका, भावाचे नाव घेऊन तोच विचार प्रभूपुढे ठेवा. तिथे पुष्कळदा काहीतरी करायला सांगितले जाते, बहुधा आपल्याला नको असलेलेच: फोन करायचा असतो, हक्काचे थोडे सोडायचे असते.

आणि आजारपणामुळे, दुःखामुळे ज्यांचे मन एका वाक्यावरही टिकत नाही, त्यांनी याच अध्यायातले सव्विसावे वचन वाचावे. काय मागावे हे कळत नसते तेव्हा आत्मा स्वतः शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो. तुमच्या घरात असे कोणी असेल तर त्यांना प्रार्थनेचा आग्रह करू नका. पलंगाशेजारी बसून हे वचन त्यांना वाचून दाखवा.