गवळ्याच्या खिशातला नंबर

श्रोतेहो, नमस्कार. जवळ कागद-पेन्सिल असेल तर घेऊन बसा. बोलता बोलता मी जनावरांसाठी मदत मागायचे दोन नंबर सांगणार आहे. ते तुमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहिलेले असावेत, असं मला मनापासून वाटतं.

वाईला आमच्या गल्लीत काळी नावाची एक कुत्री होती. कुणा एकाची नव्हती, पाच घरांची होती. सकाळी आमच्याकडे दूधभाकरी, दुपारी समोरच्या आजींच्या ओट्यावर झोप, रात्री गल्लीच्या तोंडाशी राखण. दोन वर्षांपूर्वी श्रावणात, पाऊस लागून राहिला होता, तेव्हा एका गाडीनं तिला उडवलं. मागचे दोन्ही पाय ओढत ती आमच्या पायरीपर्यंत आली. रात्रीचे नऊ वाजले होते. मी आणि माझ्या मुलीनं तिला पोत्यावर घेतलं आणि मोबाईलवर नंबर शोधायला बसलो. सात ठिकाणी फोन लावले. दोन नंबर बंद होते, एक भलत्याच माणसाला लागला. लांबच्या शहरातल्या एका संस्थेतली मुलगी फार आपुलकीनं बोलली, पण आमच्यापर्यंत गाडी पाठवणं तिच्या हातात नव्हतं. पहाटे चारच्या सुमारास काळी गेली. शेवटपर्यंत तिचं डोकं माझ्या मुलीच्या मांडीवर होतं.

सकाळी गवळीकाका दूध घालायला आले. झालेलं ऐकून त्यांनी कॅन खाली ठेवला आणि खिशातून फोन काढला. म्हणाले, "अवो वहिनी, डॉक्टरांचा नंबर माझ्याकडं हाय की! आपल्या सरकारी दवाखान्यातले. माझी म्हैस अडली व्हती तवा रातच्याला दोनला आले व्हते. मला एक फोन करायचा व्हता."

त्या दवाखान्यावरून मी रोज भाजी आणायला जाते. पाटीही कितीदा वाचली होती, पशुवैद्यकीय दवाखाना, श्रेणी १. तो गाई-म्हशींचा, असं मी धरून चालले होते. विचारायला कधी आत गेलेच नाही.

म्हणून आज तुमच्याशी बोलतेय. जनावरासाठी मदत शोधायची ती एखाद्या निवांत दुपारी, सगळं ठीक असताना. रात्री जखमी जीव पुढ्यात असताना ती शोधायला बसलं की आमच्यासारखं होतं.

आधी या सरकारी दवाखान्याबद्दल सांगते. आपल्या राज्यात तालुक्याच्या गावी आणि बऱ्याच मोठ्या गावांत हे दवाखाने आहेत. श्रेणी १ म्हणजे तिथे पदवीधर पशुवैद्यक असतो, त्याच्या हुद्द्याला पशुधन विकास अधिकारी म्हणतात. श्रेणी २ म्हणजे तिथे पदविका घेतलेले पर्यवेक्षक काम बघतात. कुत्रा-मांजर नेलं तर कुणी हाकलत नाही. केसपेपरचं शुल्क नाममात्र असतं. क्ष-किरण यंत्र किंवा हाडाची मोठी शस्त्रक्रिया तिथे मिळेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. पण जखम धुणं, रक्त थांबवणं, वेदनेचं इंजेक्शन, सलाइन आणि 'आता हिला कुठं न्या' हे सांगणारा जाणकार माणूस एवढं मिळतं. त्या रात्री आम्हाला नेमकं हेच हवं होतं. त्याच्यावरचा टप्पा जिल्ह्याच्या गावी, जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयाचा.

आणि एक ठिकाण लोकांच्या लक्षातच येत नाही. पशुवैद्यकीय महाविद्यालयं. नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची महाविद्यालयं परळला, शिरवळला, परभणीला, उदगीरला आणि खुद्द नागपुरात आहेत, अकोल्याला संस्था आहे. शिकवण्यासाठी म्हणून त्यांना दवाखाना चालवावाच लागतो. तिथे प्राध्यापक तपासतात, मुलं हाताखाली असतात, आणि खाजगी दवाखान्याच्या मानानं खर्च फार कमी येतो. आम्हाला शिरवळ जेमतेम तासाभराच्या अंतरावर. हे कळलं तेव्हा काळीला जाऊन आठवडा झाला होता.

आता नंबर. पहिला १९६२. पशुसंवर्धन खात्याच्या फिरत्या पथकाचा, टोल फ्री. तो मुख्यतः शेतकऱ्यांच्या जनावरांसाठी आहे. गाय खाली बसली, शेळीचं पोट फुगलं, तर लावायचा. दुसरा १९२६. हा वनविभागाचा, 'हॅलो फॉरेस्ट'. घुबड, माकड, साप, कासव, जखमी मोर, जे जे रानातलं ते ते सगळं या नंबरावर. आकडे तेच, फक्त जागा बदललेली, त्यामुळे गोंधळ होतो. मी असं पाठ केलंय, बासष्ट गोठ्याचा, सव्वीस रानाचा. परत एकदा म्हणते, बासष्ट गोठ्याचा, सव्वीस रानाचा. लिहून घेतलंत ना?

जनावरांसाठी संघटित मदत ही आपल्याकडे कुठून बाहेरून आलेली गोष्ट नाही, आणि याचा मला फार अभिमान वाटतो. १८३२ साली मुंबईत कंपनी सरकारनं रस्त्यावरची कुत्री मारण्याची मोहीम काढली होती, आणि मारलेल्या कुत्र्यामागे बक्षीस ठेवलं होतं. बक्षिसासाठी लोकांच्या दारातली, पाळलेली कुत्रीही मारली जायला लागली. त्या जून महिन्यात पारशी समाज रस्त्यावर उतरला, दुकानं बंद झाली, गोऱ्या पलटणी बोलवाव्या लागल्या. पुढे १८३४ मध्ये जमशेटजी जिजीभॉय आणि मोतीचंद अमीचंद यांनी मुंबईत पांजरपोळ काढला. भटक्या जिवांना मारायचं नाही तर ठेवायचं कुठं, या प्रश्नाला दिलेलं ते उत्तर होतं. नंतर १८७४ मध्ये प्राण्यांवरच्या क्रौर्याविरुद्ध मुंबईत संस्था निघाली आणि दिनशॉ पेटिट यांच्या देणगीतून, त्यांच्या पत्नी साकरबाईंच्या नावानं परळला जनावरांचं रुग्णालय उभं राहिलं. मुंबईकर त्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात. त्या नावात त्या काळच्या मुंबईची सगळी वाहतूक आहे, मालाचा खटारा ओढणारा बैल आणि गाडीला जुंपलेला घोडा. ते रुग्णालय आजही चालू आहे. मुंबईत महालक्ष्मीला २०२४ मध्ये टाटा ट्रस्टनं लहान प्राण्यांसाठी मोठं, आधुनिक रुग्णालय सुरू केलंय, त्याचीही नोंद करून ठेवा.

स्वयंसेवी संस्थाही बऱ्याच आहेत. पुण्यात रेस्क्यू आहे. सांगली-सोलापूर पट्ट्यात अ‍ॅनिमल राहत साखर कारखान्यांच्या बैलांसाठी काम करते. गळिताच्या हंगामात उसाच्या गाडीखाली वाकलेला बैल ज्यानं पाहिलाय, त्याला या कामाची किंमत सांगायला नको. वर्ध्याला करुणाश्रम आहे. गोव्यात मिशन रेबीजच्या लोकांनी वर्षानुवर्षं गल्लोगल्ली जाऊन कुत्र्यांना लस टोचली, आणि २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं.

पण नाव ऐकलं म्हणून डोळे झाकून जनावर सोपवू नका आणि पैसेही पाठवू नका. आधी एकदा स्वतः जाऊन या. भरदिवसा आत येऊ देतात का बघा. रोजचा पशुवैद्यक कोण, ते विचारा. पाण्याची भांडी स्वच्छ आहेत का, आजारी जनावर वेगळं ठेवलंय का, हे डोळ्यांना दिसतंच. चांगल्या संस्थेला असल्या प्रश्नांचा राग येत नाही. जनावर बघायच्या आधीच पैसे मागणाऱ्या फोनवर मी तरी विश्वास ठेवत नाही.

गल्लीतल्या कुत्र्यांबद्दल तक्रार असेल तर नगरपालिकेच्या आरोग्य विभागात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण करणं ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे. ज्याचं काम झालंय त्याच्या कानाला खाच असते, बघितलीत तर लगेच ओळखू येईल. पोत्यात घालून दुसऱ्या गावाच्या वेशीवर कुत्री सोडून येणारे लोक मला माहीत आहेत. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे, असं करू नका. ते कुत्रं तिथे मार खातं, आणि तुमच्या गल्लीत दुसरं येतं.

कुत्रं चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ लावून, पंधरा. हळद, चुना, मिरची यातलं काहीही लावायचं नाही. मग सरळ सरकारी रुग्णालय, तिथे लस मोफत मिळते. ठरलेल्या तारखांचे सगळे डोस घ्यायचे, एकही चुकवायचा नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचत नाही, म्हणून इथे मी कठोर बोलतेय.

आणि घरी मांजर असेल तर एवढं ऐका. अंग गरम लागलं म्हणून आपली पॅरासिटामॉलची अर्धी गोळी तिला देऊ नका. आपल्याला ती औषध, मांजराला ती विष आहे. तेवढ्या अर्ध्या गोळीनं तिचा जीव जाऊ शकतो.

कुणी जनावराला मुद्दाम मारलं, विष घातलं, तर पोलिसांत जा. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये आहे, तो अजूनही तेवढाच आहे, याचा मला राग येतो. पण भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ तसं लेचंपेचं नाही. जनावर मारणं, विष घालणं, लुळंपांगळं करणं याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ठाण्यात गेलात की हा आकडा तोंडावर असू द्या.

काळी गेल्यावर आमच्या फ्रिजवर एक कागद लागला. गवळीकाकांनी दिलेला डॉक्टरांचा नंबर सगळ्यात वर, मुलीच्या अक्षरात. या संक्रांतीला मांज्यात पंख अडकलेलं एक गव्हाणी घुबड गच्चीवर पडलेलं सापडलं. नायलॉनच्या मांज्याला बंदी आहे, तरी तो दरवर्षी तारांवर लोंबतोच. मुलीनं मांजा ओढला नाही, पाखराजवळ कात्रीनं कापला. त्याच्या अंगावर पंचा टाकला, खोक्याला भोकं पाडून त्यात ठेवलं आणि खोकं अंधाऱ्या खोलीत नेलं. तोंडात पाणी घातलं नाही, ते श्वासनळीत जातं. मग सव्वीस लावला. वनरक्षक येईपर्यंत ती दाराबाहेर पुस्तक घेऊन बसून होती, कुणी आत डोकावू नये म्हणून.

गेल्या महिन्यात सकाळी सहाला फोन वाजला. गवळीकाका होते, मागे म्हशी हंबरत होत्या. "वहिनी, गोठ्यात साप शिरलाय, पोरगं काठी घेऊन हुबं हाय. तो तुमचा नंबर कुठला, बासष्ट का सव्वीस?"

"सव्वीस," मी म्हटलं. "आणि पोराला म्हणावं, काठी खाली ठेव."

तासाभरानं परत फोन आला. धामण होती. माणसं येऊन घेऊन गेली होती, आणि काका धारा काढायला बसले होते.