आधी पाठ, मग बाटली

नमस्कार श्रोतेहो. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणारी वेदना आणि दारूचे किंवा गोळ्यांचे व्यसन एकाच माणसात एकत्र आले, की उपचाराच्या दारात त्याची गणना रुग्णांत होण्याऐवजी गुन्हेगारांत होते. आज त्याविषयी बोलायचे आहे.

पिंपळगाव बसवंतला कांद्याच्या खळ्यावर ५० किलोच्या गोण्या ट्रकमध्ये चढवणारे एक हमाल माझ्या परिचयाचे आहेत. कंबरेतून निघालेली कळ त्यांच्या पोटरीपर्यंत जाई, आणि झोप यावी म्हणून ते रोज रात्री क्वार्टर घेत. (कांद्याचा भाव आपल्याला रोज बातम्यांत ऐकू येतो, तो वाहणाऱ्या पाठीची बातमी मी अजून ऐकलेली नाही.) एका रुग्णालयात त्यांच्या केसपेपरवर ‘दारूचे व्यसन’ अशी नोंद झाली आणि पुढे ज्याने ज्याने तो कागद पाहिला, त्याने पाठीला हात न लावता एकच सांगितले : आधी दारू सोडा, मग बघू. स्वाभिमानी माणूस, त्यांनी घरीच एका दिवसात दारू बंद केली. तिसऱ्या दिवशी हात थरथरू लागले, भिंतीवर किडे दिसू लागले, आणि घरच्यांना वाटले की यांना बाहेरचे काही झाले. नाशिकला दुसरीकडे आणल्यावर तिथल्या डॉक्टरबाईंनी आधी ती थरथर आटोक्यात आणली. मग त्या म्हणाल्या, “मामा, किती घेता ते मी विचारणारच आहे, आधी सांगा, रात्री कोणत्या कुशीवर झोप लागते?” मामा म्हणाले, “कोणत्याच नाही, मॅडम. भिंतीला टेकून रात्र काढतो.” पाय सरळ उचलून पाहताच मणक्यातील चकतीने शीर दाबली असल्याचा संशय आला आणि तपासणीत तो खरा ठरला. शिरेच्या वेदनेवरची औषधे, व्यायाम आणि व्यसनाचा उपचार एकाच वेळी सुरू झाले. मामा अजूनही मधूनमधून घसरतात, परंतु तपासणीची तारीख चुकवत नाहीत.

व्यसन आहे म्हणून वेदना खोटी ठरत नाही. पुन्हा सांगतो, व्यसन आहे म्हणून वेदना खोटी ठरत नाही. अफूजन्य औषधांची शरीराला सवय झालेली असेल, तर त्या वर्गातील वेदनाशामकाची नेहमीची मात्रा पुरत नाही, आणि अशा वेळी अधिक औषध मागणारा रुग्ण नाटक करत आहे असे समजणे चूक आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मनोविकारांचा समावेश मानसिक आजारांतच केला असून, उपचारात अशा रुग्णाला शारीरिक आजाराच्या रुग्णाप्रमाणेच समान वागणूक मिळाली पाहिजे, असे तो सांगतो.

रोज पिणाऱ्याने डॉक्टरांच्या देखरेखीवाचून दारू एकाएकी तोडू नये, आणि वेदनाशामक लिहून घेताना काय पितो, काय घेतो, किती घेतो, हे काहीही लपवू नये, कारण दारूबरोबर काही गोळ्या जठरातून रक्तस्राव घडवतात आणि काही श्वास मंदावतात. व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय मदत क्रमांक आहे १४४४६. लिहून घ्या : एक, चार, चार, चार, सहा. नमस्कार.