चुंबकाचा पडदा आणि न थांबणारे चाक

श्रोतेहो, नमस्कार. चाकाच्या कडेवर चुंबक बसवावेत, शेजारी एक स्थिर चुंबक ठेवावा, जवळ येणाऱ्या चुंबकाला तो ओढू द्यावा आणि दूर जाताना मागे खेचणारी ओढ मध्ये पडदा सरकवून अडवावी, म्हणजे चाक इंधनाशिवाय कायम फिरत राहील, ही कल्पना प्रथमदर्शनी बिनतोड वाटते. तिची खरी कसोटी लागते ती पडद्यापाशी.

चुंबकीय बलरेषांना सुरुवात नसते आणि शेवटही नसतो, त्यामुळे कोणताही पदार्थ त्यांना गिळून टाकत नाही. त्या फक्त वळवता येतात. सुमारे 80 टक्के निकेल आणि उरलेल्यात मुख्यतः लोखंड असलेला म्यू-मेटल हा मिश्रधातू बलरेषांना हवेपेक्षा हजारो पटींनी सोपी वाट देतो आणि त्याने वेढलेली आतली जागा जवळजवळ मोकळी ठेवतो. मेंदूचे चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राहून कोट्यवधी पटींनी क्षीण असते. ते मोजण्याच्या खोल्यांना म्हणूनच या धातूचे अस्तर असते. मात्र साधारण 0.8 टेस्लाला (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक) तो संपृक्त होतो आणि पुढचे क्षेत्र त्याला वळवता येत नाही. अतिसंवाहक, म्हणजे अतिशय थंड केल्यावर विजेला जराही रोध न करणारे पदार्थ, चुंबकीय क्षेत्राला आपल्या बाहेर ढकलतात, हे माइसनर आणि ओक्सेनफेल्ड या भौतिकशास्त्रज्ञांनी 1933 साली दाखवले; पण तेथेही चुंबक आणि पडदा यांच्यात प्रतिकर्षण असतेच.

चुंबक आणि टाचणी यांच्यामध्ये लोखंडाचा जाड पत्रा सरकवून पाहा. टाचणीवरची ओढ कमी होते खरी, पण पत्रा स्वतःच आत खेचला जातो आणि तो बाहेर काढताना हाताला चांगलाच जोर लावावा लागतो. चुंबक, चाक आणि पडदा कोठे आहेत, यावरच त्यांच्या क्षेत्रात साठलेली ऊर्जा ठरते. एक फेरा पूर्ण होऊन सारे जागच्या जागी आले की ती ऊर्जाही पूर्वीइतकीच होते, म्हणजे चाकाला मिळालेले सारे पडदा हलवण्यात खर्ची पडते. शिवाय प्रत्यक्षात धातूचे चुंबकत्व पुन्हापुन्हा बदलताना आणि त्यात विद्युतप्रवाह उत्पन्न होताना थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने निघून जाते, आणि हिशेब तोट्यातच राहतो.

पॅरिसच्या विज्ञान अकादमीने 1775 मध्येच अखंड गतीची यंत्रे तपासणे बंद केले. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम सिद्ध व्हायला तेव्हा अजून अर्धशतकाहून अधिक काळ होता. मला तो निर्णय योग्य वाटतो, तरी असे यंत्र समोर आलेच तर एक प्रश्न जरूर विचारावा: पडदा सरकवणाऱ्या दांड्यावर किती बल लागते, ते पूर्ण फेरीभर मोजले आहे का?