बांधावरचा रोव्हर आणि वरचं आयनांबर

नमस्कार श्रोतेहो. आपल्या सोलापूर जिल्ह्यात आता जमिनीच्या मोजणीला साखळीऐवजी काठीवरचा रोव्हर, म्हणजे उपग्रहांचे संदेश घेऊन जागा सांगणारं यंत्र, येतो. पडद्यावर ‘फिक्स’, म्हणजे जागा पक्की ठरली, असं आलं की भूकरमापक खूण करतो. पण ऑक्टोबरात काम लांबलं, सात-साडेसात वाजले, की आभाळ निरभ्र असूनही ‘फिक्स’ जातं, ‘फ्लोट’, म्हणजे जागा अजून अंदाजाचीच, असं येतं. मग बांधाच्या दोन्ही बाजूंचे भाऊ मोजणीवाल्याकडेच संशयाने बघू लागतात.

त्याचा दोष नसतो. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटरवर असतात. संदेशाला यायला किती वेळ लागला, त्यावरून रोव्हर अंतर काढतो. सेकंदाचा एक अब्जांश चुकला तरी ३० सेंटिमीटर गेलेच, आणि आपल्याकडे वितभर बांधासाठी कोर्टकचेऱ्या होतात! वाटेत आयनांबर, म्हणजे वातावरणाचा उंचावरचा विद्युतभारित थर, लागतं. सूर्याच्या अतिनील किरणांनी तिथे इलेक्ट्रॉन सुटे झालेले असतात, त्यांच्यातून येताना संदेशाला उशीर होतो. भर दुपारी ही चूक कित्येक मीटरची होते. पण ती जवळच्या, जागा आधीच पक्की माहीत असलेल्या स्थिर केंद्रालाही तेवढीच जाणवते, म्हणून रोव्हरला ती वजा करता येते.

खरी पंचाईत सूर्यास्तानंतर. चुंबकीय विषुववृत्त, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मधली रेषा, आपल्या देशाच्या दक्षिण टोकाजवळून, तिरुनेलवेलीच्या बाजूने जातं. तिथल्या आयनांबरात तळाकडून विरळ बुडबुडे उठतात आणि उंच चढत उत्तरेकडे आपल्यापर्यंत पसरतात. त्यांच्यातून येणारा संदेश ताऱ्यासारखा लुकलुकतो, कधी तुटतोच. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे त्याचे हंगाम. सूर्यावर डाग वाढले की जोर जास्त.

मे २०२४ मधल्या सौरवादळाने अमेरिकेत ऐन पेरणीत ट्रॅक्टरांची दिशा चुकवली, त्याची बातमी झाली. आपल्याकडच्या या संध्याकाळच्या खोडीची होत नाही, आणि मला तर तीच जास्त महत्त्वाची वाटते. मात्र नवी पेठेत मोबाइल गल्ली चुकला तर आधी आजूबाजूच्या इमारतींकडे बघा. सूर्यावर उगाच आळ नको.

दोन वारंवारितांवर चालणारं यंत्र उशिराचा हिशेब चोख करतं. ‘गगन’ ही भारताची उपग्रह-यंत्रणाही विमानांसाठी तशा दुरुस्त्या पुरवते. पण संदेशच तुटला तर दुरुस्ती कशाची करणार? म्हणून दिवेलागणीनंतर ‘फ्लोट’ हटेना, तर ‘आजच खूण करा’ असा हट्ट धरू नका. मोजणीवाल्याला सकाळी परत बोलवा, आणि दोन्ही भावांनी हजर राहा.