पोर्तुगालात पाव मागताना

(हातात लादीपाव, समोर मिसळ)

नमस्कार मंडळी. नाशकातली सकाळ, समोर मिसळ, पण आज तर्रीबद्दल एक शब्द नाही. आज हा पाव. पायाने तुडवतात म्हणून पाव, ही गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. सोडून द्या. शब्द पोर्तुगीजांचा. लिस्बनच्या बेकरीत मी 'पाव' म्हटलं, जरासं नाकात, आणि काउंटरवरच्या बाईंनी पाव काढून दिला. कॉलर ताठ!

ती संध्याकाळपर्यंतच टिकली. जेवायला बसलो तर न मागता पाव, लोणी, ऑलिव्ह समोर. मिसळीबरोबर पापड येतो तसंच असेल म्हणून सगळं संपवलं. बिलात प्रत्येकाचे वेगळे पैसे! याला तिथे 'कुवेर' म्हणतात. नको असेल तर हात न लावता परत पाठवायचं, मग पैसे लागत नाहीत.

आता शाकाहारी मंडळींनी कान द्या. 'शोरीसु' म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज. ते पोटात घालून भाजलेला पाव वरून अगदी साधा दिसतो. काही मिठायांत डुकराची चरबीही असते, म्हणून 'बान्या' आहे का, हे आधी विचारा. माझी आई अंडंही खात नाही, त्यामुळे तिथल्या बहुतेक मिठाया बाद. पण तिला 'ब्रोआ' सापडला. मक्याचा पाव, वरून तडे गेलेला, आत दमट आणि जड. "ही तर भाकरी, तव्याऐवजी भट्टीत गेलेली," म्हणाली आणि पिशवीतून शेंगदाण्याची चटणी काढली.

मी मात्र 'पश्तेल द नाता'वर आडवा हात मारला. तळहातात मावेल एवढी पापुद्र्यांची वाटी, आत कस्टर्ड, वर करपल्याचे काळे डाग. ते डागच हवेत, फिकट दिसला तर घेऊ नका. काउंटरवर दालचिनीचा डबा असतो, तो वर झटकायचा. चावलं की पापुद्रे शर्टावर, आणि आतलं अंड्याचं कस्टर्ड जीभ भाजतं. लिस्बनच्या बेलेम भागातलं याचं दुकान 1837 पासूनचं. रांग लांब, पण सरकते.

या मिठायांची मुळं मठांत आहेत. अंड्याच्या पांढऱ्याने कपड्यांना खळ द्यायचे आणि उरलेला बलक साखरेत जायचा, असं सांगतात. पण मला गंमत वाटली ती पाकाची. तिथले हलवाईही पाक तारेवर ओळखतात! 'पोंतु द फियु', 'फियु' म्हणजे धागा. आईला सांगितलं तर म्हणते, "मग? पाक दुसरा कसा बघणार?"

एक चूक मात्र करू नका. मी सहा पश्तेल डब्यात भरून नाशिकला आणले. पोचेपर्यंत पापुद्र्यांची पार पुरणपोळी झाली होती. मऊ, आणि तीही शिळी.