दोन महिन्यांचं भाडं, मग करार कशाला?

नमस्कार मंडळी! जुळे सोलापुरातला फ्लॅट मिड-टर्मला कसा द्यायचा, हे विचारून तुम्ही कमेंट बॉक्स भरून टाकलाय. चला, बसा.

सोपं आधी उरकतो. मिड-टर्म म्हणजे एक ते अकरा महिने, सामानासकट घर. आपल्याकडे गिऱ्हाईक कोण? फताटेवाडीच्या एनटीपीसी वीज प्रकल्पात मेंटेनन्सच्या कामाला आलेले इंजिनिअर, बदलीवर आलेले बँकवाले, पेशंटला घेऊन आलेलं कुटुंब. गादी, गॅस, वायफाय, वॉशिंग मशीन पाहिजेच. हे काय सांगायचं?

आता खरं दुखणं. करार. "दोनच महिने राहणारेत, नोटरी करून टाकतो." नाही ओ! महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999, कलम 55. लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी राहायच्या परवानगीचा करार, लेखीच पाहिजे आणि त्याची नोंदणीही झाली पाहिजे. एक महिना असो नाहीतर अकरा. जबाबदारी घरमालकाची, नाही केली तर 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बारा महिन्यांच्या आत नोंदणी लागत नाही, हे दुसऱ्या राज्यांतलं ऐकून इकडे सांगतात लोक.

एकाने लिहिलंय, "दादा, तुम्ही एजंटांचा धंदा वाढवताय." बरं, खर्च बघू. 15 हजार भाडं, तीन महिने, म्हणजे 45 हजार. त्यावर स्टॅम्प ड्यूटी पाव टक्का. शहरात नोंदणी फी 1000. नोंदणीसाठी अंगठे घ्यायचं मशीन घेऊन माणूस घरी येतो, त्याचे काय ते वेगळे. एसी दुरुस्तीला याहून जास्त जातात की!

कायदा सोडा, भांडणाचं बघा. होटगी रोडच्या एका मालकांनी माझं न ऐकता तोंडी ठरवलं. पाहुणा, म्हणजे भाडेकरू, म्हणाला, वीजबिल भाड्यातच धरलं होतं. मालक म्हणाले, नव्हतं. नोंदवलेला करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरं धरतात. खोटं पाडायचं काम मालकाचं. काका गप्प बसले. एप्रिल-मेचं बिल होतं ते, पारा 42च्या वर, एसी दिवसरात्र!

आणि मुदत संपली तरी माणूस हलत नसेल? त्याच कायद्याच्या कलम 24 खाली दुप्पट भाडं मागता येतं. पण मुदत कुठली, हे कागदावर पाहिजे ना?

जानेवारीत गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वरांची, यात्रा आली की काही मालकांचे फोन सुरू होतात. "महिनेवाल्याला काढा, रोजच्या भाड्यावर देऊ." मी नाही काढत. करार मालकालाही बांधतो, काका. आणि मधेच बाहेर काढलेल्या इंजिनिअरची कंपनी पुढच्या वर्षी तुमच्याकडे माणूस पाठवेल का?

पाहुणचाराचं राहिलंच. इथं नळाला रोज पाणी येत नाही, हे पुण्या-मुंबईच्या माणसाला माहीतच नसतं. पहिल्याच दिवशी टाकी रिकामी करून बसतो आणि रात्री अकराला फोन. म्हणून फ्रिजवर कागद चिकटवा : पाणी कुठल्या दिवशी, किती वाजता, मोटर कुठली. प्यायच्या पाण्याचा जार भरलेला ठेवा. मावशी आठवड्यातून एकदा येऊन चादरी बदलतात. सोलापुरी चादर पांघरायला ठेवा, पण दोन जोड. जाड असते, पावसाळ्यात लवकर वाळत नाही. टेबलावर कडक भाकरी आणि शेंगाचटणीची पुडी. खर्च किरकोळ, पण पाहुणे फोटो काढून घरी पाठवतात.

"चटणीने भाडं वाढतं का?" असंही विचारलंय कुणीतरी. भाडं नाही वाढत भाऊ, मुक्काम वाढतो.

मुक्काम वाढला की? नवा करार! जुन्यावर पेनाने तारीख वाढवून सही घेतलेले कागद मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका, मी बघणार नाही. आणि हो, चावी देताना मीटरच्या रीडिंगचा फोटो पाहुण्यासमोर काढा, तिथंच त्याला पाठवा. होटगी रोडवाले काका आता तेवढं तरी करतात.