चापडगावचा गाइड

नाशिकहून निफाडमार्गे आलं की गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात, तिथे हे नांदूर मध्यमेश्वर. बंधारा ब्रिटिशांच्या काळातला. बांधला तो शेतीला पाणी मिळावं म्हणून. मग वर्षानुवर्षं गाळ साचला, पाणी उथळ झालं, मधे बेटं तयार झाली, पाणवनस्पती माजल्या आणि पक्षी उतरू लागले. २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, होण्याचा मान याच जागेला मिळाला.

गळ्यात दुर्बीण अडकवून पुढे चाललेला हा तरुण इथला गाइड. शिक्षण बीकॉम. कॉलेज संपल्यावर नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात अकाउंट्सला लागला. आजीच्या आजारपणात गावी, चापडगावला परतला आणि हंगामापुरतं म्हणून हे काम धरलं. पक्ष्यांची आवड होती का? "अजिबात नाही. मला सगळी बदकंच वाटायची."

आवडीचं काम शोधा, असं आपण मुलांना सारखं सांगतो. इथे क्रम उलटा आहे, आणि आम्हाला तो जास्त खरा वाटतो. आधी काम आलं. मग थापट्याची पळीसारखी चोच, तलवार बदकाची टोकदार शेपटी, चांदव्याचं पांढरं कपाळ असं एकेक नजरेत बसत गेलं. आता चांदव्यांचा थवा अचानक एकमेकांना खेटला, की तो पाण्याकडे बघतच नाही. थेट वर बघतो. तिथे दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी घिरट्या घालत असतो.

"दादा, तो केशरी कोणता?" सहलीला आलेली एक मुलगी विचारते.

"चक्रवाक. लडाख-तिबेटकडचा पाहुणा आहे, ताई."

हे सांगताना त्याचा चेहरा बघा.

'शिक्षण वाया घालवलं' हे घरात अधूनमधून ऐकावं लागतंच. पैशाची ओढाताणही आहे. पर्यटकांची खरी गर्दी हिवाळ्यात. एरवी घरची द्राक्षबाग. हे झाकून समाधानाची गोष्ट सांगणं आम्हाला पटत नाही. पण परत अंबडला जाशील का, असं विचारलं तर तो म्हणतो, "तिथं चार वाजल्यापासून घड्याळाकडे बघायचो. इथं अंधार पडतो म्हणून निघावं लागतं."

यंदा गावातली दोघं त्याच्याबरोबर फिरू लागलीत. एक आयटीआय झालेला फिटर, एक बीएस्सी करणारी. सुरुवातीला तो त्यांना फक्त चोची बघायला लावतो. नावं नंतर.